बारा नंबर

आमच्या घरात भाकरीला नंबर असायचा. जाड झाली की आठ नंबर, बेताची झाली की दहा, आणि पीठ नीट मळलेलं असलं, पातळ पापुद्रा सुटून टम्म फुगली की बारा नंबर. बाबा ताटावर बसला की पहिली भाकरी दोन बोटांत धरून चाचपायचा आणि नंबर सांगायचा. आई चुलीपासून न हलता बोलायची, "खा गुमान. रॉड नाय ती." कारण नंबर खरे वेल्डिंगच्या रॉडचे होते. आठ नंबरचा रॉड जाड, दहाचा मधला, बाराचा बारीक. नंबर वाढला की जाडी कमी. पत्र्याचं तसंच, बांधायच्या तारेचं तसंच. बाजारात त्याला गेज म्हणतात. हे उलटं मोजमाप कोणी काढलं ते आम्ही कधी विचारलं नाही, ते आमचं बाळकडूच होतं. मी अंगानं नुसती काडी होते, म्हणून शाळेच्या हजेरीत वनिता आणि घरात बारा नंबर. "ए बारा नंबर, पाण्याचा तांब्या आण." मला त्याचा राग यायचा नाही. उलट मामाकडे गेले आणि सगळे वनिता वनिता करायला लागले की चुकल्यासारखं व्हायचं.

शहापुरातून सापगावकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची पत्र्याची शेड होती आणि शेडच्या पाठीला चिकटून दोन खोल्यांचं घर. मधे एक दार, ते कधी लागायचं नाही. त्यामुळे घरात जे शिजायचं त्याचा वास शेडमध्ये आणि शेडमध्ये जे कापलं जायचं त्याची धूळ घरात. आई वालाच्या भाजीवर झाकण ठेवून वर परत एक फडकं टाकायची, तरी कधी कधी दाताखाली कचकन काहीतरी यायचं. ग्राइंडर सुरू झाला की बोलणं बंद, तो थांबला की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे. आमच्या घरातली माणसं अजून मोठ्यानं बोलतात ती त्यामुळे. माझ्या सासरी पहिल्या आठवड्यात सगळ्यांना वाटलं, ही भांडखोर आहे. भांडखोर मी नंतर झाले, ती गोष्ट वेगळी.

शेड बाबाची आणि काकाची. काका बाबाहून लहान, पण आवाजानं आणि अंगानं थोरला. मुरबाडच्या बाजूला आमची भातशेती होती. ती कसत बसण्यापेक्षा दोघा भावांनी हे काम शिकून घेतलं आणि शेड टाकली. हाताची कला बाबाकडे, तोंडाची काकाकडे. गिऱ्हाईक यायचं ते काकाशी बोलायचं, चहा प्यायचं, काकाच्या पाठीवर थाप मारून जायचं. काम कोपऱ्यात बसून बाबा करायचा. ग्रिल, गेट, ट्रॉलीची दुरुस्ती, वीटभट्टीवाल्यांचे साचे. भट्टीवाले हीच आमची मुख्य गिऱ्हाइकं, त्या पट्ट्यात भट्ट्या फार. ते सगळे एकमेकांचे सोयरे. एकानं नाव ठेवलं की दहा तोंडं फिरलीच म्हणून समजा.

बाबाचे डोळे लवकर गेले. गेले म्हणजे अगदी आंधळा झाला नाही, पण धूसर. वेल्डिंगचे टाके मारताना काळी काच तोंडापुढे धरायचा त्याला कंटाळा. एवढासा टाका, त्याला कशाला काच, असं म्हणत म्हणत वर्षं काढली. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखा तळमळायचा, मग आई बटाट्याचे काप करून पापण्यांवर ठेवायची. सकाळी परत तेच. पुढे पुढे त्याला वेल्डिंगची रेघ दिसेनाशी झाली, तेव्हा तो कानानं काम करायला लागला. मला शेजारी बसवून सांगायचा, "आवाज ऐक गो बाय. तेलात भजी सोडल्यावर तळण कसं एकसारखं वाजतं, तसं वाजलं पायजे. फटफट वाजलं तर लांब धरलंस, घुसमटलं तर जवळ." असं करत करत रॉड पकडायचा होल्डर माझ्या हातात आला. आधी मी लोखंडाचे अँगल धरायची, मग टाके मारायची, मग सरळ रेघ. दहावी होऊन घरी बसले तोवर शेडमधलं निम्मं काम माझ्या हातचं होतं आणि ते बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. काकाचा तसा नियमच होता. गिऱ्हाईक आलं की मी होल्डर खाली ठेवायचा आणि झाडू उचलायचा. गिऱ्हाईक गेलं की झाडू ठेवायचा आणि होल्डर उचलायचा. तेव्हा मला ती गंमत वाटायची. आज आठवलं की तोच झाडू कोणाच्या तरी पाठीत घालावासा वाटतो.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना बंद पडला आणि तिथलं सामान निघालं, त्यात एक मिग वेल्डिंगचं मशीन होतं. आमच्याकडे त्याला सीओटू म्हणतात, कारण शेजारी त्या गॅसचा सिलिंडर उभा करावा लागतो. त्यात रॉड नसतो. तारेचं भलं मोठं रीळ आत बसवायचं, दोन रोलर ती तार ढकलतात, ती बंदुकीसारख्या नळीतून सरसर बाहेर येत राहते आणि वितळत राहते. रॉड बदलायला थांबायचं नाही, वरची पापडी हातोडीनं पाडायची नाही. काकानं ते घ्यायचं ठरवलं. आणि बाबानं एका संध्याकाळी, आई सुकट भाजत होती तेव्हा, तिच्या देखत मला सांगितलं, "हे मशीन तू चालवशील. माझ्या डोळ्यांना आता नवीन जमायचं नाय, आणि तुझ्या काकाला रॉडशिवाय दुसरं काय कळत नाय. मशीन तुझ्या हाताखाली राहील." आई म्हणाली, "आणि लगीन?" बाबा म्हणाला, "मशीन चाललं की बघू. घाई काय हाय." मी सुकटीच्या धुरात बसले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते धुराचंच, असं मी दाखवलं. माझ्या बरोबरच्या मुली एकेक करून सासरी चालल्या होत्या. मला ते नको होतं असं नाही, पण आधी मशीन हवं होतं. मला त्या वयात दुसरं काही हवं होतं असं आठवतच नाही.

मशीन टेम्पोतून आलं. आत कारखान्याचंच अर्धं वापरलेलं रीळ होतं. तिथल्या माणसानं काकाला सांगितलं होतं, "आत बाराची तार हाय. बारीक कामाला आठची लागल." काका घरी येईपर्यंत त्यातलं शेवटचं वाक्य हरवलं. का हरवलं ते मला आज नीट कळतं. ज्या माणसानं जन्मभर आठला जाड आणि बाराला बारीक म्हटलं, त्याच्या कानात ते वाक्य शिरलंच नसणार. त्यानं येऊन सांगितलं, "आत बाराची हाय, बारीक. पत्र्याला बेस. जाड कामाला आठची मागवू."

पहिलं काम पाण्याच्या टाकीचं होतं, पातळ पत्र्याचं. हौसेनं काकानंच बंदूक हातात घेतली. तार टेकली आणि पत्र्याला भोक. सरकवून परत टेकली, परत भोक. करंट कमी केला तर तार पत्र्याला ढुशा द्यायला लागली, वाढवला तर भोक. दुपारपर्यंत टाकीची चाळण झाली. काकानं मशीनच्या आईबहिणीचा उद्धार केला, कारखानेवाल्यांनी फसवलं म्हणाला आणि चहाला गेला. ती टाकी शेवटी बाबानं नि मी बारा नंबरच्या रॉडनं बसून बुजवली.

काका गेल्यावर मी मशीनचं झाकण उघडून बघितलं. रोलरला दोन खाचा असतात, एक वापरायची, तार बदलली की रोलर पालटून दुसरी. खाचेच्या बाजूला आकडे कोरलेले होते. तेलाचा राप फडक्यानं पुसला तर एका बाजूला एक पॉइंट दोन, दुसऱ्या बाजूला शून्य पॉइंट आठ. आणि शून्य पॉइंट आठची खाच लहान होती. मी नखानं दोन्ही खाचा परत परत चाचपल्या. पॉइंट गाळला की तेच बारा आणि आठ. आठची लहान, बाराची मोठी. म्हणजे हे गेज नव्हतं, हे मिलिमीटर होते. शाळेतल्या पट्टीवरचे, साधे. आकडा मोठा तर तार जाड. त्या मशीनमध्ये आमच्या घरातला सगळा हिशेब उलटा होता. पातळ पत्र्याला आठची तार लागते, कमी करंटवर हलकी वितळणारी. जाड लोखंडाला बाराची, भरपूर करंट पिणारी, आत मुरणारी. काकानं पातळ पत्र्याला जाड तार लावून भोकं पाडली होती, मशीन बिचारं बरोबरच होतं.

मी बाबाला हाताला धरून आणलं आणि त्याचं बोट त्या खाचांवरून फिरवलं. त्यानं एकदा फिरवलं, मग अंगठ्याचं नख घालून फिरवलं. मग रिळातली तार दोन बोटांत धरून चोळली, जशी भाकरी चाचपायचा तशी. आणि हसला. "म्हणजे तू जाडी झालीस गो," मला म्हणाला. "बारा म्हणजे जाडी." मीही हसले. मग मी म्हटलं, "बाबा, काकाला सांग. जाड कामाला त्यानं आठची लावली तर वरच्या वर बसल. आत जायची नाय." बाबा म्हणाला, "सांगतो. मी सांगतो त्याला. तू बोलू नको, तो चिडल."

हे बाबाचं वाक्य मी त्यानंतर किती वेळा उगाळलंय. मी सांगतो त्याला.

पंधरवड्यानं आठची तार आली. काकानं एसटीडी बूथवरून कल्याणच्या दुकानात फोन करून मागवलेली. आणि त्याच दिवशी एका भट्टीवाल्या शेठची ट्रॉली आली. ट्रॉलीला ट्रॅक्टरशी जोडणारा जाड दांडा मुळाशी तडकला होता, तो कापून नवा बसवायचा होता. अंगठ्याएवढ्या जाडीची पट्टी. शेठ मोठं गिऱ्हाईक, त्याच्या शब्दावर बाकीचे भट्टीवाले चालायचे. काका म्हणाला, "बघा शेठ, आता नवीन मशीननं मारून देतो. कारखान्यातलं काम." त्यानं नवीन रीळ चढवलं. मी झाडू हातात घेऊन उभी होते, कारण शेठ तिथंच खुर्ची टाकून बसला होता. मी बाबाकडे बघितलं. बाबा स्टुलावर बसला होता, तोंड माझ्याकडे होतं, पण त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाबा, आठची चढवतोय तो. सांगितलंस ना?" बाबानं मान हलवली. हो की नाही ते कळू नये अशी. मी परत म्हटलं, "बाबा, दांडा हाय." तो पुटपुटला, "शेठ बसलाय ना. शेठ गेला की सांगतो."

आधी तार नळीच्या तोंडाशीच वितळून चिकटली, कारण करंट जाड कामाचा लावलेला आणि तार बारीक. काकानं चिकटलेलं काढलं, करंट उतरवला. परत चिकटली, परत उतरवला. असं करत करत जिथं मशीन गोड वाजायला लागलं तिथं थांबला. आणि खरंच गोड वाजलं. कढईत भजी तळावी तसं एकसारखं. रेघ तर इतकी सुंदर पडली, गव्हले ओळीनं लावल्यासारखी, की शेठ उठून बघायला आला. "वा," म्हणाला. बाबा स्टुलावर बसून ऐकत होता. शेठ गेल्यावर मी बाबाला म्हटलं, "आता सांग. वरून रॉडनं तरी मारून घेऊ." बाबा म्हणाला, "आवाज चांगला होता गो."

मी स्वतः काकाकडे गेले. मला वाटतं हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे जे झालं त्यात हे कोणाला आठवलं नाही. मी काकाला रोलर दाखवला, खाच दाखवली. तो म्हणाला, "बाय, तू जन्मायच्या आधीपासून मी आठ नंबर जाळतोय. आठला बारीक बोलते ही. जा, आईला पाणी भरू लाग." आणि बाबाकडे बघून म्हणाला, "दादा, पोरीला आवर जरा." बाबा चाचपडत उठला आणि घरात गेला. संध्याकाळी ट्रॉली गेली.

ती मोडली सापगावच्या चढाला. विटा भरलेली ट्रॉली, वर तीन कातकरी बाया बसलेल्या. चढाला ट्रॅक्टर धापा टाकायला लागला म्हणून ड्रायव्हरनं बायांना खाली उतरवलं, आणि त्या उतरून चार पावलं बाजूला झाल्या तेवढ्यात दांडा सुटला. ट्रॉली मागे धावली आणि शेताच्या बांधावरून उलटून पडली. विटांचा चुरा झाला. माणसाला खरचटलंही नाही. ड्रायव्हर तुटलेला दांडा खांद्यावर टाकून आला आणि त्यानं तो शेडच्या मधोमध टाकला. मी खाली बसून बघितलं. सगळी रेघ सालपटासारखी उचकटून आली होती, तश्शी, अखंड. खालचं लोखंड कोरं. कापल्याच्या खुणासुद्धा जशाच्या तशा होत्या. आत काही गेलंच नव्हतं. त्या तीन बायांची नावं मला माहीत नाहीत. त्या आमच्या शेडसमोरून मोळ्या घेऊन जायच्या, तेव्हा मी मान खाली घालायची.

शेठ आला तो चौघांना घेऊन. या खेपेला खुर्चीवर बसला नाही. काकाकडे बघून म्हणाला, "हे तुमचं कारखान्यातलं काम?" काकाचं तोंड मी असं कधी बघितलं नव्हतं, पीठ फासल्यासारखं. त्याला कळलं होतं. दांड्याकडे बघितल्याबरोबर त्याला कळलं, तेवढा तो कारागीर होता.  मला वाटलं, आता बोलेल. मला वाटलं, नाहीतर बाबा बोलेल. आणि बाबा बोललाच.

"पोरीकडून झालं शेठ," बाबा म्हणाला. "माझी पोर मशीनवर हात टाकते कधी कधी. तुमी यायच्या आधी तिनं खोक्यातली तार बदलून ठेवली, आमाला कळलं नाय, यानं तीच चढवली. पोरीकडून झालं."

मी तिथंच उभी होते. हातात झाडू होता. इतकी वर्षं मी त्या शेडमध्ये वेल्डिंग मारलं, गेटं केली, ग्रिलं केली, कोणाच्या दारात अजून उभी असतील, आणि एकदाही गिऱ्हाइकासमोर कोणी सांगितलं नाही की हे काम पोरीनं केलंय. आयुष्यात पहिल्यांदा बाबानं ते सांगितलं, आणि नेमकं तेवढंच काम मी केलेलं नव्हतं.

शेठ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या बरोबरचा एक जण हसला, आणि मग शेठही हसला. राग कुठल्या कुठे गेला. "पोरगी वेल्डिंग मारते तुमची? अरे, पोरीच्या हातात मशीन देता व्हय? भाकऱ्या करू द्या तिला." काकापण हसला. हो, काकापण हसला. त्यानं शेठला खुर्ची दिली, मला चहा ठेवायला पाठवलं, आणि नवा दांडा आपल्या खर्चानं आठ नंबरच्या रॉडनं करून द्यायचं कबूल केलं. शेठनं कपातला चहा संपवला आणि बाहेर पडताना माझ्याकडे बघून म्हणाला, "परत नको हात लावू हां मशीनला." पुरुषाची चूक असती तर शेड बसली असती. पोरीची म्हटल्यावर तो किस्सा झाला. बाजारात पुढे वर्षभर तो किस्सा चालला.

लोक गेल्यावर मी बाबाला विचारलं. ओरडले नाही, ग्राइंडर बंद होता. विचारलं, "असं का बोललास?" तो म्हणाला, "काकाचं नाव गेलं की शेड गेली. माझ्या डोळ्यांनी आता काय होणार हाय? तुझं काय, तू उद्या सासरी जाशील, तुला कोण विचारतंय." मी म्हटलं, "आणि मशीन?" तो म्हणाला, "काकाकडं राहू दे थोडे दिवस. लोक विसरतील." आई मधल्या दारात उभी राहून ऐकत होती.  रात्री तिनं भाकऱ्या थापल्या त्या वहाणेच्या तळाएवढ्या जाड. बाबानं पहिली भाकरी दोन बोटांत धरली, चाचपली आणि नंबर न सांगता मोडून खाल्ली. त्या दिवसापासून आमच्या घरात भाकरीला नंबर राहिला नाही. मलाही कोणी बारा नंबर म्हटलं नाही. सगळे वनिता म्हणायला लागले.

थोडे दिवस म्हणजे किती ते मला लवकरच कळलं. लोक विसरले नाहीत, पण माझं स्थळ जमलं. आटगावला दिलं मला. नवरा वाईट नव्हता, कामावरून येऊन गुपचूप जेवणारा माणूस. लग्नाच्या आधी एकदा मी शेडमध्ये डोकावले तर रिळांच्या खोक्यांवर काकानं रंगानं लिहून ठेवलं होतं, एकावर जाड, एकावर बारीक. बरोबर लिहिलं होतं. बाराच्या खोक्यावर जाड. म्हणजे माझं म्हणणं त्यानं उचललं होतं, फक्त मला उचलून बाहेर ठेवलं होतं. ते मशीन पुढे उत्तम चाललं. शेड मोठी झाली, काकाच्या मुलानं तिला बोर्ड लावला, बोर्डावर बापलेकांची नावं. दिवाळीला गेले की मी त्या बोर्डाखालून घरात जायची.

मी परत कधी होल्डर धरला नाही. लोक विचारतील, का नाही, कोणी अडवलं होतं? कोणी नाही. आटगावच्या पुढे उंबरमाळीला बचत गटाच्या बायांना शिवणाची मशीनं आली तेव्हा एक बाई म्हणाली, तुम्ही येता का शिकवायला, तुमचा हात मशीनवर चांगला असेल. मी म्हटलं, माझा हात मशीनवर चांगला नाही, विचारा शहापुरात कोणालाही. ती बिचारी हसली. मी चांगलीच कुजकी बाई झाले होते तोवर.

काका गेला, मग आई गेली. बाबाला दिसायचं पार बंद झालं तेव्हा मी त्याला आटगावला माझ्याकडे घेऊन आले. काकाच्या मुलानं बॅग गाडीत ठेवून दिली, तेवढं केलं. बाबाला मी न्हाऊ घालायची, बाहेर ओट्यावर बसवायची, आलेगेले लोक त्याला हाक मारून जायचे. त्याच्याशी माझं भांडण नव्हतं. एकच गोष्ट हवी होती मला त्याच्याकडून, आणि ती मी मागणार नव्हते. त्यानं आपणहून द्यायला हवी होती. दोन माणसांसमोर नको, चार भिंतींत. एवढंच बोलायचं, वनिता, ती तार तू लावली नव्हतीस.

एका दुपारी मी तांदळाच्या भाकऱ्या करत होते. पहिली त्याच्या ताटात वाढली. त्यानं ती दोन बोटांत धरली, चाचपली, आणि इतक्या वर्षांनी म्हणाला, "आठ नंबर झाली गो."

माझा हात पिठात तसाच राहिला. मला वाटलं, आता तो तिथंच येतोय. नंबर त्याच्या तोंडात आला म्हणजे तो दिवसही आला. मी तवा खाली उतरवला आणि त्याच्या समोर बसले. म्हटलं, "बाबा, आठवतंय ना तुला? आठ, बारा?"

"आठवतंय की," तो म्हणाला. "तो दांडा. शेठची ट्रॉली. सापगावच्या चढाला." तो जरा हसला. "किती घाबरलो होतो आमी. पण शेठ भला माणूस."

"बाबा," मी म्हटलं, "तार कोणी लावली होती?"

त्यानं हात पुढे केला, माझा हात कुठं आहे ते चाचपत शोधला आणि त्यावर ठेवला. पिठानं भरलेला माझा हात. "जाऊ दे ना गो बाय," म्हणाला. "तू लहान होतीस. पोराकडून होतं. मी कधी बोललो का तुला त्याच्यावरून? एवढ्या वर्षांत एकदा तरी?"

मी म्हटलं, "काकानं लावली होती बाबा. तुला माहिताय. तू खाचेत बोट घालून बघितलं होतंस."

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख आलं. खोटं असतं तर मी ओळखलं असतं, त्या चेहऱ्यावर काय खरं नि काय खोटं ते मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं. तो मान हलवत म्हणाला, "तो बिचारा आता जगात नाय, त्याच्यावर नको ढकलू वनिता. मी तुला तवाच माफ केलं होतं."

मग तो ताटाकडे वळला, भाकरी बाजूला सारली आणि म्हणाला, "ही जाड हाय, दातांना नाय जमत. मला बारा नंबरची टाक."

मी उठले, तवा परत चुलीवर ठेवला आणि त्याला बारा नंबरची केली. पातळ.